ब्रमली ठाण्यात आणावी का?

ठाण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचा प्रश्न थोडक्यात असा: जे. बी. प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ मराठीत करायचं आहे. (नाटक घडतं ब्रमली या काल्पनिक इंग्रजी शहरात. कारखानदार आर्थर बर्लिंगच्या घरी, मुलगी शीला आणि जेराल्ड यांच्या वाङ्निश्चयाच्या रात्री, गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो आणि एका मुलीने आत्महत्या केल्याचं सांगतो. मग आर्थर, त्याची बायको सिबिल, शीला, मुलगा एरिक आणि जेराल्ड या प्रत्येकाचा त्या मुलीशी संबंध निघत जातो.) एक प्रयोग गडकरी रंगायतनला, दुसरा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात. हाताशी सहा आठवडे. १९१२ चं इंग्लंड प्रेक्षकांना परकं वाटेल अशी भीती आहे, म्हणून कथा १९८२ च्या ठाण्यात, गिरणी संपाच्या तोंडावर आणावी का? आणि मूळ काळातच ठेवली, तर तो काळ प्रेक्षकांपर्यंत पोचवायचा कसा?

माझं मत आधी सांगतो. १९१२ मध्येच ठेवा. ‘मूळ कलाकृतीशी इमान’ वगैरे कारण त्यामागे नाही. कारण अगदी व्यवहारातलं आहे आणि ते नायिकेच्या आडनावात आहे.

मेलेल्या मुलीचं नाव ईव्हा स्मिथ. स्मिथ हे इंग्लंडमधलं सर्वांत सर्रास आडनाव. जाताना इन्स्पेक्टर म्हणतो की एक ईव्हा स्मिथ गेली, पण अशा लाखो ईव्हा आणि जॉन स्मिथ अजून मागे आहेत. हे वाक्य उभं राहतं ते आडनावाला कसलाच वास नसल्यामुळे. मराठीत असं आडनाव दाखवा. शिंदे म्हणा, पाटील म्हणा, कांबळे म्हणा, कुलकर्णी म्हणा. पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत प्रत्येकाच्या मनात एक जात आणि बहुधा एक जिल्हाही उभा राहतो. मग शीलाने दुकानातून काढलेली मुलगी कोण, जेराल्डने ठेवलेली कोण, आईच्या समितीने परत पाठवलेली कोण, याचा अर्थच पालटतो. ते नाटक वाईट होईल असं नाही, कदाचित जास्त धारदार होईल. पण ते जातीचं नाटक असेल आणि ते नव्याने लिहावं लागेल. नावं बदलून काम भागणार नाही. सहा आठवड्यांत ते होत नाही.

दुसरी अडचण पोलिसांची. १९८२ च्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पंचनामा, जबाब, फौजदाराबरोबर हवालदार हे सगळं प्रेक्षकाला पाठ आहे. एकटा इन्स्पेक्टर येतो, कुणाचा जबाब लिहून घेत नाही, कुणाला अटक करत नाही, तासभर प्रश्न विचारून उपदेश करून निघून जातो, यावर तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी शेजारच्याला कोपर मारणार. १९१२ च्या ब्रमलीत हे चालतं, कारण तिथली पद्धत आपल्याला ठाऊक नसते आणि शंका हळूहळू, लेखकाला हवी तेव्हा येते. (बंगालीत हे रूपांतर ‘थाना थेके आसछि’ या नावाने गाजलं, १९६५ मध्ये त्यावर चित्रपटही आला. तेव्हा भारतीय रूपांतर अशक्य आहे असा माझा दावा नाही.)

तिसरी गोष्ट तारखेची, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण नाटकाचं खरं यंत्र इथेच आहे. नाटक घडतं १९१२ मध्ये. लिहिलं गेलं १९४४-४५ च्या हिवाळ्यात. पहिला प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात झाला, लंडनमध्ये ते १९४६ च्या ऑक्टोबरला आलं. मधल्या तेहतीस वर्षांत दोन महायुद्धं होऊन गेली. पहिल्या अंकात आर्थर बर्लिंग मुलीच्या वाङ्निश्चयाच्या जेवणानंतर भाषण ठोकतो: युद्धबिद्ध काही होणार नाही, टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघते आहे, ४६,८०० टनांची, बुडणं अशक्य; मालक-कामगारांची भांडणं मिटत चालली आहेत; १९४० सालापर्यंत बघा, सगळीकडे शांतता आणि भरभराट; रशिया तेवढा मागासच राहील. हे शेवटचं वाक्य असलेलं नाटक आधी रशियातच रंगमंचावर यावं, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रेक्षकाला बर्लिंगपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि या एका आधारावर तो पुढचे दोन तास त्याच्याकडे बघतो. जो जगाबद्दल इतका चुकतो, तो ‘माणसाने आपल्यापुरतं पाहावं’ म्हणतो तेव्हा तेही चुकलेलंच असणार, हे कुणी न सांगता कळतं.

१९८२ मध्ये अशी धार मिळेल का? काही प्रमाणात, हो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्या जमिनींवर पुढे काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. डिसेंबर १९८१ मध्ये नौपाड्यातल्या बंगल्यात बसून एखादा कारखानदार ‘पंधरा दिवसांत येतील कामावर’ म्हणाला, तर प्रेक्षक चपापेल. पण ते एकच भाकीत. बर्लिंगकडे चार-पाच आहेत आणि टायटॅनिक सगळ्या जगाला ठाऊक आहे. हातातलं नाणं टाकून दुसरं शोधायला जाऊ नका.

आता १९१२ पोचवायचं कसं? निवेदक आणू नका, पडद्यावर स्लाइड दाखवू नका, पत्रकात चार पानी टिपण छापू नका. नाटकाची तारीख संहितेतच आहे. टायटॅनिक साउदॅम्प्टनहून निघाली १० एप्रिल १९१२ ला. बर्लिंग म्हणतो पुढच्या आठवड्यात. तोच म्हणतो की गेल्या महिन्यात खाणकामगार संपावर गेले होते. तो किमान वेतनासाठीचा देशव्यापी कोळसा संप मार्चभर चालला. म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. नटांना हे पहिल्या वाचनाला सांगा. हवेत गारवा, संप नुकताच निवळतोय, आणि स्वतः मालक असलेला बर्लिंग ‘वाईट काळ गेला’ म्हणतो तो स्वतःला धीर द्यायला. या एका कळीने ते भाषण बढाईखोर न राहता माणसाचं होतं. टायटॅनिकच्या वाक्याला हशा येणारच. येऊ द्या, पण नटाने त्याची वाट पाहायची नाही. तो थांबला, डोळा बारीक केला, की विनोद झाला आणि बर्लिंग संपला.

पुढचं पैशाचं. ईव्हा आणि तिच्या सोबतिणींना आठवड्याला २२ शिलिंग ६ पेन्स मिळत होते, त्यांनी २५ मागितले. आपल्या नटांना शिलिंग म्हणजे हवा. तालमीत एकदा हिशेब मांडा. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, आणि त्या काळी एका पौंडाला १५ रुपये. म्हणजे १६ रुपये १४ आण्यांचे १८ रुपये १२ आणे करा, एवढीच मागणी: आठवड्याला एक रुपया चौदा आणे, सुमारे ११ टक्के. आता दुसरा आकडा घ्या. एरिक बापाच्या कचेरीतून तिच्यासाठी पैसे चोरतो ते पन्नास पौंड, म्हणजे हजार शिलिंग, म्हणजे ईव्हाचा जुन्या दराने ४४ आठवड्यांचा पगार. हे दोन आकडे समजले की तिसऱ्या अंकात बर्लिंग पन्नास पौंडांवर का भडकतो आणि मुलगी मेली यावर तितका का नाही, हे नटाला वेगळं शिकवावं लागत नाही. संवादात मात्र रुपये आणू नका, शिलिंगच ठेवा. प्रेक्षकाला फरक कळला की पुरे, विनिमय दर कळायची गरज नाही.

ईव्हाच्या शेवटच्या दीड वर्षाचा क्रम मोठ्या कागदावर लिहून तालमीच्या खोलीत लावा. सप्टेंबर १९१० अखेर कारखान्यातून काढली. दोन महिने बेकार. डिसेंबरमध्ये मिलवर्ड्सच्या दुकानात लागली, जानेवारी १९११ अखेर शीलाच्या तक्रारीवरून गेली. मार्चमध्ये पॅलेस बारमध्ये जेराल्डला भेटली, तेव्हा नाव डेझी रेंटन. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते संपलं, ती दोन महिने समुद्रकाठच्या गावी गेली. नोव्हेंबरमध्ये एरिक. आणि मरण्याच्या दोन आठवडे आधी, गरोदर असताना, सिबिल बर्लिंगच्या महिला धर्मादाय समितीपुढे. तिथे तिने नाव सांगितलं ‘मिसेस बर्लिंग’, आणि बाईंचा पारा तिथे चढला. हा क्रम पाठ नसलेले नट हमखास एकमेकांच्या महिन्यात शिरतात. एकाने ‘मार्च’चं ‘मे’ केलं की पुढचा प्रश्न लंगडा पडतो, आणि हे नाटक म्हणजे प्रश्नांची साखळीच आहे.

सिबिल करणाऱ्या अभिनेत्रीला एक संदर्भ जरूर द्या. ब्रिटनचा राष्ट्रीय विमा कायदा १९११ चा, त्याची वर्गणी कापायला सुरुवात झाली जुलै १९१२ मध्ये, म्हणजे ईव्हा मेल्यावर. तेव्हा अशा मुलीपुढे, सरकारी गरीबखाना सोडला तर, वाट एकच: श्रीमंत बायकांच्या समितीसमोर उभं राहून ‘मदतीला पात्र’ ठरणं. सिबिल दुष्ट नाही, ती परीक्षक आहे; तिने नियमाप्रमाणे नापास केलं. १९४२ चा सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिज अहवाल, जुलै १९४५ मधला मजूर पक्षाचा विजय, १९४८ ची सरकारी आरोग्यसेवा हे सगळं याच समितीच्या विरोधात उभं राहिलं होतं, आणि प्रीस्टली १९४० पासून बीबीसीवरच्या भाषणांतून तेच मांडत होते. हे नाटक म्हणजे त्या वादातला एक साक्षीदार. आपल्याकडचा काळ नटांना जवळ आणायचा असेल तर इतकं सांगा की नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर ‘आणला’. बस, एवढं पुरतं.

भाषांतराकडे वळतो. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त कमाईही इथेच आहे.

‘चीफ कॉन्स्टेबल’ म्हणजे हवालदार नव्हे, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख. बर्लिंग त्याच्याशी गोल्फ खेळतो हे धमकीसारखं वापरतो; तिथे ‘कॉन्स्टेबल’ ऐकू आलं तर प्रेक्षक हसेल. ‘नाइटहुड’साठी ‘सर ही पदवी’ पुरे, मुंबईकराला सर जमशेटजींपासून ती ओळखीची आहे. ‘इन्फर्मरी’ म्हणजे इस्पितळ. ‘कम्युनिटी’ला ‘समाज’ म्हणाल तर फसाल. मराठीत ‘आमचा समाज’ म्हणजे आमची जात, आणि बर्लिंग जेव्हा त्या कल्पनेची टर उडवतो तेव्हा प्रेक्षक भलतंच ऐकेल. त्याऐवजी ‘सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं म्हणे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं’ अशा मोकळ्या वाक्यात सांगा. पोळ्याची उपमा मुळातच आहे. ‘क्लास’ला ‘वर्ग’ हा शब्द सिबिलच्या तोंडी कधीच शोभणार नाही. असल्या घरातली बाई ‘आपल्यातली नाही’, ‘असल्या मुली’, ‘त्या थरातल्या’ म्हणते. ‘वर्ग’ म्हणतो तो कार्यकर्ता.

शेवटच्या भाषणातली जागा सर्वांत अवघड. आपण सगळे एकाच शरीराचे अवयव आहोत, असं इन्स्पेक्टर म्हणतो. मुळात ही बायबलमधली प्रतिमा. मराठीत शब्दशः आणली की काही कानांना पुरुषसूक्त ऐकू येतं: तिथेही एक शरीर आहे, पण मुख वर आणि पाय खाली, म्हणजे नेमका उलटा अर्थ. सुदैवाने तुकोबांनी हे आधीच सोडवून ठेवलंय. ‘विष्णुमय जग’ या अभंगाच्या शेवटी ‘एका देहाचे अवयव’ येतं, आणि ते सुखदुःख सगळ्यांना पोचण्यासाठी येतं. तो अभंग ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ म्हणणारा आहे, त्यामुळे ‘देहाचे अवयव’ हे दोन शब्द नुसते वापरले तरी अर्थ बरोबर बाजूला कलतो. अख्खी ओळ मात्र म्हणू नका. इन्स्पेक्टर गूलच्या गळ्यात टाळ नको. आणि हो, ‘गूल’ हे नाव बदलू नका. इंग्रजीत त्यात पिशाच्चाचा ध्वनी आहे. मराठीत ‘बत्ती गुल’ ऐकू येतं, आणि हा माणूस खरंच गुल होतो. फुकट मिळालेला श्लेष आहे, वर बोट ठेवू नका.

इंग्रजीत नसलेलं एक हत्यार आपल्याकडे आहे: तू आणि तुम्ही. इन्स्पेक्टर सगळ्यांना शेवटपर्यंत ‘तुम्ही’, आवाज न चढवता. मोलकरीण एडनाला सगळे ‘तू’. बर्लिंग त्याला आधी ‘तुम्ही’, मग चिडल्यावर ‘हे पाहा इन्स्पेक्टर’ करून सर्वनामच टाळेल. शीला जेराल्डला पहिल्या अंकात लाडाने ‘तू’ म्हणते. दुसऱ्या अंकात अंगठी परत करताना ‘तुम्ही’वर गेली की भांडणाचं एक पान वाचतं. हा बदल एकदाच करा. एरिकलाही बापावर ‘तू’ करू दिलं, की शीलाचा क्षण पडला. ईव्हाबद्दल सगळे ‘ती’, ‘ती पोरगी’, ‘ती बया’ म्हणतील. इन्स्पेक्टरने मात्र जमेल तिथे सर्वनाम न वापरता पूर्ण नाव घ्यावं.

एरिकच्या पिण्याबद्दल एक इशारा. मराठी रंगभूमीवर दारूडा म्हटलं की तळीराम अंगात येतो, आणि गडकरींच्या नावाच्याच थिएटरात तर जास्तच. एरिक झोकांड्या खात नाही. तो सवयीने पितो, बाटली सराईतपणे उचलतो, आणि ते बघून बापाच्या लक्षात येतं. ती उचल नीट बसवा.

नेपथ्य. एक खोली, जेवणाची. संहितेत बैठक दिली आहे: एका टोकाला आर्थर, दुसऱ्या टोकाला सिबिल, शीला आणि जेराल्ड टेबलाच्या मागच्या बाजूला, एरिक पुढे, म्हणजे प्रेक्षकांकडे जवळजवळ पाठ. ती तशीच ठेवा. घरात कुणाची गणती नाही हे पडदा उघडताच दिसतं. अडचण पुढे येते, मोठं टेबल मधोमध बसून हालचाली खातं. १९४६ च्या प्रयोगात प्रत्येक अंकाला खोली वेगळ्या कोनातून दिसेल असा सेट फिरवला होता. आपल्याला ते परवडत नाही, तर टेबल लहान घ्या आणि इन्स्पेक्टर येण्याआधी एडनाला ते आवरताना विंगेकडे दोन फूट सरकवू द्या. स्टीफन डाल्ड्री यांच्या लंडनच्या १९९२ च्या प्रयोगात खांबांवरचं घर शेवटी कोसळतं. त्याची छायाचित्रं बघून कुणाला सुरसुरी आली तर आवरा.

कपडे: पुरुषांना टेलकोट आणि पांढरा बो. संहितेत डिनर जॅकेट नको असं स्पष्ट आहे, आणि ड्रेपरीवाला हमखास काळा बो आणि डिनर जॅकेटच देतो. ठाण्याच्या दमट हवेत टेलकोटमध्ये तास काढायचा असेल तर रंगीत तालमीआधी किमान चार तालमी त्याच कपड्यांत घ्या. इन्स्पेक्टरचा सूट साधा, गडद. तो धिप्पाड असायची गरज नाही, बोलण्याआधी समोरच्याकडे रोखून पाहतो ती सवय हवी.

प्रकाश: लेखकाने सुरुवातीला गुलाबी, जवळिकीचा आणि इन्स्पेक्टर आल्यावर जास्त उजळ, कडक मागितला आहे. ‘एलईडी पार’ या रंगीत दिव्यांवर गुलाबी झटकन लग्नमंडपासारखा होतो. फिकट अंबरमध्ये थोडाच गुलाबी मिसळा. बदल दाराच्या घंटेवर लगेच नको. इन्स्पेक्टर खोलीत आल्यावर वीस-तीस सेकंदांत चढवा, कुणाच्या लक्षात येऊ नये. उभा दिवा खरा पेटणारा हवा, कारण शीला त्याच्या उजेडात फोटो पाहते.

फोटो पोस्टकार्डाएवढा, आणि एका वेळी एकालाच दाखवायचा. तो आर्थर, शीला आणि सिबिल पाहतात. जेराल्ड आणि एरिक कधीच पाहत नाहीत. जेराल्ड नावावरून ओळखतो. तिसऱ्या अंकातला ‘सगळ्यांना एकच फोटो दाखवला कशावरून?’ हा युक्तिवाद याच्यावर उभा आहे. हालचाली बसवताना दुसरा कुणी चुकून खांद्यावरून डोकावला की शेवटची पंधरा मिनिटं कोसळतात. दर तालमीत एकाने फक्त एवढंच बघायचं.

घंटा स्पीकरवरून नको. विंगेत दाराच्या बाजूला खरी विजेची घंटा लावा, आणि ती बर्लिंगचं वाक्य कापून वाजली पाहिजे. नट थांबला आणि मग वाजली, तर नाटक तिथे पहिल्यांदा मरतं. टेलिफोनची घंटा वेगळ्या आवाजाची, टेलिफोन असेल तिथूनच.

मध्यंतर एकच ठेवणार असाल तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी, एरिक दारातून आत येतो तिथे. पूर्वार्ध सव्वा तासाचा होईल, उत्तरार्ध पाऊण तासाच्या आत, आणि प्रेक्षक वडा खाताना आईच्या चेहऱ्याबद्दल बोलतील. काळ सलग आहे, त्यामुळे पडदा उघडल्यावर प्रत्येकजण त्याच जागी, त्याच वळणावर. बॅकस्टेजने पडदा पडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

कागदपत्रांचं. प्रीस्टली १९८४ मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४४ संपेपर्यंत. तिकीट लावून प्रयोग करायचा तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी, भाषांतराची आणि प्रयोगाची वेगवेगळी. हौशी संस्थेला बिनतिकीट प्रयोगासाठी कायद्यात सूट आहे, पण ती प्रयोगापुरती. भाषांतराचा हक्क तिने मिळत नाही. परवानगीला वेळ लागतो, म्हणून पत्र आजच पाठवा. मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही द्यावी लागेल, नाट्यगृहाची तारीख पक्की करण्याआधी तिथला मंजुरी क्रमांक हातात असू द्या.

शेवटचा क्यू. इन्स्पेक्टर खोटा होता असं ठरवून आई-बाप-जेराल्ड हसायला लागलेत, शीला आणि एरिक बाजूला. टेलिफोन वाजतो. बर्लिंग ऐकतो, ठेवतो, सांगतो: एक मुलगी इस्पितळात नेताना नुकतीच मेली आणि एक इन्स्पेक्टर इकडे यायला निघालाय. इथे बहुतेक संस्था पार्श्वसंगीत वाढवतात, काहीजण दारात सावली उभी करतात. काही करू नका. पडदा सावकाश पडू द्या. पण पडद्याचा वेग प्रत्येक नाट्यगृहात सारखा नसतो. प्रयोगाच्या दुपारीच गडकरीला आणि भाव्यांना स्टॉपवॉच लावून पडदा दोनदा पाडून बघा, आणि बर्लिंगला सेकंद सांगून ठेवा. तेवढा वेळ त्याला न हलता उभं राहायचं आहे.